लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय : ठाणे व नवी मुंबईतील नवोदितांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली ते पनवेल या पट्ट्यात लग्नाच्या ऑर्डरी घेऊ लागलेली अनेक मुले-मुली आमच्या स्टुडिओत येऊन जे विचारतात, ते प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. कोणता कॅमेरा घ्यावा हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण सर्वप्रथम विचारतो. आमच्या मते त्याचा क्रमांक बराच खाली लागतो, म्हणून येथेही तो खालीच ठेवला आहे.

व्यवसाय सुरू करताना कोणत्या नोंदण्या कराव्या लागतात?

घरातून किंवा छोट्या गाळ्यातून काम करणाऱ्या एकट्या व्यावसायिकाला फार कागदपत्रे लागत नाहीत. ज्याला आपण सवयीने ‘गुमास्ता’ म्हणतो, त्याची व्यवस्था महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने बदलली. वीसपेक्षा कमी कामगार (२०२५ पर्यंत ही मर्यादा दहा होती) असलेल्या आस्थापनेला आता पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन पावती घेणे पुरते. बँकेत चालू खाते उघडताना ही पावती मागितली जाते. ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी आधार व पॅनच्या आधारे ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. त्यासाठी कोणी एजंट पैसे मागत असेल तर ते त्याच्या श्रमाचे असतात, सरकारचे नव्हेत.

जीएसटीची मर्यादा सेवांसाठी वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे. येथे नवोदितांची एक चूक नेहमी होते. अल्बम छापणाऱ्याला आणि सोबतच्या व्हिडिओग्राफरला दिलेली रक्कम वजा करून ते आपली उलाढाल मोजतात. प्रत्यक्षात ग्राहकाला लावलेली पूर्ण रक्कम उलाढालीत धरली जाते, आपल्या हातात उरलेली नव्हे. त्यामुळे महिन्याला जेमतेम पन्नास हजार सुटणारा माणूसही ही मर्यादा ओलांडू शकतो. नोंदणी झाल्यावर या सेवेवर १८ टक्के कर लागतो. तो दरात समाविष्ट आहे की वेगळा, हे कोटेशनमध्येच लिहावे, अन्यथा शेवटच्या हप्त्याच्या वेळी वधूपित्याशी वाद ठरलेलाच.

लग्नघरातून रोख रक्कम घेता येते का?

घेता येते, परंतु एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीत घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यात मनाई आहे. ती रक्कम तुकड्या-तुकड्यांत, वेगवेगळ्या दिवशी घेतली तरी प्रसंग एकच असल्याने मनाई कायम राहते, आणि दंड घेणाऱ्यावर, घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. साखरपुडा, हळद, लग्न आणि स्वागत समारंभ अशी मोठी ऑर्डर एकाच घरातून असेल तर पहिल्या हप्त्यापासूनच बँकेमार्फत व्यवहार ठेवावा.

दर कसा ठरवावा? शेजारचा स्टुडिओ निम्म्या पैशांत काम करतो, मग आम्ही काय करावे?

शेजारचा दर पाहून आपला दर ठरवू नये. आपला खर्च मांडून ठरवावा. उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. समजा, कॅमेरे, लेन्स, दिवे व संगणक मिळून सहा लाखांचे साहित्य आहे आणि ते चार वर्षांत बदलावे लागणार आहे, म्हणजे वर्षाला दीड लाख रुपये. गाळ्याचे भाडे, वीज, इंटरनेट व सॉफ्टवेअर यांसाठी महिन्याला वीस हजार धरल्यास वर्षाचे दोन लाख चाळीस हजार झाले. स्वतःचा पगार महिना पन्नास हजार, म्हणजे सहा लाख. एकूण बेरीज नऊ लाख नव्वद हजार. वर्षभरात तीस लग्ने मिळाली तर प्रत्येक लग्नामागे तेहतीस हजार रुपये आपल्या आस्थापनेसाठीच निघायला हवेत, आणि त्यात दुसऱ्या फोटोग्राफरचे मानधन, व्हिडिओग्राफर, अल्बमची छपाई व प्रवास अजून आलेलाच नाही. हा कागद समोर ठेवला की ‘वीस हजारांत सगळे करून द्या’ या मागणीला नकार देणे सोपे जाते.

या हिशेबातील तीस हा आकडा सर्वांत नाजूक आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात मराठी घरांतील लग्ने जवळजवळ थांबतात, तुळशीच्या लग्नानंतर ती पुन्हा सुरू होतात, पौषात अनेक घरे मुहूर्त टाळतात आणि मग सगळी गर्दी माघापासून ज्येष्ठापर्यंत होते. अधिक मास आला की गणित आणखी बिघडते. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ असल्याने ऐन मेच्या सुट्टीतील दिवस कोरडे. म्हणून हंगाम ठरवण्यापूर्वी पंचांग उघडावे. एकाच दिवशी मोठा मुहूर्त असेल तर दहा घरांतून विचारणा होते आणि आपण घेऊ शकतो ती एकच. अशा तारखेला सवलत देण्याचे काही कारण नाही. रिकाम्या महिन्यांत बारसे, डोहाळजेवण, गृहप्रवेश किंवा कंपन्यांची कामे घेतली तरच गाळ्याचे भाडे निघते.

करारपत्र खरोखरच आवश्यक आहे का? ओळखीच्या घरात ते मागणे बरे दिसत नाही.

ओळखीच्या घरातच ते अधिक आवश्यक असते, कारण तेथे नंतर भांडताही येत नाही. सुरुवातीच्या काळात आम्ही घणसोलीजवळच्या एका गावातील आगरी कुटुंबाची ‘हळद आणि लग्न’ अशी ऑर्डर तोंडी घेतली. आमच्या डोक्यातील हळद म्हणजे सकाळची दोन-तीन तासांची. त्या घरची हळद मात्र संध्याकाळी मांडवात सुरू झाली. धवलारणीने धवले (पारंपरिक लग्नगीते) म्हटले, हजारभर पाहुणे जेवले, आणि नाच रंगात आला तेव्हा आमच्या बॅटऱ्या संपत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नाला आम्ही न झोपता उभे होतो, आणि ते त्या फोटोंत दिसते. चूक त्या घराची नव्हती. या पट्ट्यात हळद हा अनेकदा लग्नाहून मोठा समारंभ असतो, ही गोष्ट आम्हीच विचारून घ्यायला हवी होती.

करारपत्रात कोणता विधी, कोठे, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. आपली किती माणसे येणार. काय द्यायचे आणि किती दिवसांत. ठरल्यापेक्षा जास्त तासांचा दर. आणि पैशांचे टप्पे, एवढे यायलाच हवे. साधारणपणे तारीख नक्की करताना एक हिस्सा, लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत मोठा हिस्सा आणि अल्बम देताना उरलेला, अशी विभागणी सोयीची ठरते. अल्बमच्या वेळेचा हिस्सा लहान ठेवावा, कारण लग्नानंतर घराचे पैसे संपलेले असतात आणि उत्साहही.

एक कलम इकडच्या घरांसाठी खास लिहावे लागते. घरात मृत्यू होऊन सुतक आले तर लग्न पुढे ढकलले जाते. अशा वेळी आगाऊ रक्कम जप्त करणे माणुसकीला धरून नाही, आणि ती परत करणे आपल्याला परवडत नाही. आमचा मार्ग असा की तीच रक्कम वर्षभरातील नव्या तारखेला वळती करावी, मात्र ती तारीख आमच्याकडे मोकळी असेल तरच.

काढलेल्या फोटोंचे हक्क कोणाचे असतात?

बहुतेक फोटोग्राफरांचा समज येथे चुकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, एखाद्याने मोबदला देऊन आपल्यासाठी फोटो काढवून घेतला असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर त्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक काढवून घेणारा असतो. बटण दाबणारा फोटोग्राफर ‘कर्ता’ असतो, परंतु मालकी यजमानाची. हक्क स्वतःकडे हवे असतील तर ते करारपत्रात आधीच, लेखी यायला हवे.

तरीही आमचा सल्ला आहे की मालकीसाठी फार ताणू नये. आपल्याला प्रत्यक्षात हवी असते ती नमुना म्हणून काही फोटो दाखवण्याची परवानगी. तेवढे एक वाक्य करारात घालावे आणि त्यासमोर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी खूण यजमानाला करू द्यावी. अनेक मुलींना आपले हळदीचे ओले फोटो इन्स्टाग्रामवर नको असतात, आणि ती इच्छा कायद्याच्या आधीच मानली पाहिजे.

मराठी लग्नात कोणते क्षण सुटता कामा नयेत, आणि त्यांची तयारी कशी करावी?

देवक, ग्रहमख, सीमांतपूजन, गौरीहार, अंतरपाट, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, पाठवणी आणि सासरी माप ओलांडणे ही यादी सर्वांना ठाऊक असते. परंतु प्रत्येक घराचा क्रम आणि तपशील वेगळा असतो, म्हणून लग्नाच्या आधी गुरुजींना फोन करून क्रम लिहून घ्यावा. ज्यांच्याशी आधी बोलणे झाले आहे असे गुरुजी सप्तपदीच्या वेळी अर्धा क्षण थांबतात. ज्यांना आपण मांडवात प्रथम भेटतो, ते थांबत नाहीत, आणि त्यांनी थांबावे अशी अपेक्षाही धरू नये, कारण तो विधी आहे, शूटिंग नव्हे.

अंतरपाटाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण लग्नाचा अल्बम त्या एका क्षणावर उभा असतो. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट खाली येतो, वाजंत्री सुरू होते, अक्षता उडतात आणि वधू-वर एकमेकांकडे पाहतात. हे सारे दोन-तीन सेकंदांत होते. वधूचा चेहरा एका बाजूने दिसतो आणि वराचा दुसऱ्या बाजूने, त्यामुळे एकटा फोटोग्राफर कितीही चपळ असला तरी एक चेहरा सुटतोच. दुसरा फोटोग्राफर का लागतो, असे विचारणाऱ्या यजमानाला आम्ही हेच कारण सांगतो आणि ते त्यांना लगेच पटते. दोघांनी आपापल्या जागा मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वीच घ्याव्यात, कारण एकदा सगळे पाहुणे अक्षता आणि मोबाइल घेऊन उभे राहिले की स्टेजवर पाय ठेवायला जागा उरत नाही. वधूच्या मागे मामा उभे असतात. त्यांना आधीच नमस्कार करून ‘अंतरपाट निघाला की एक पाऊल मागे या’ एवढे सांगितले तर पुष्कळ काम होते.

प्रकाशाचा प्रश्न याच क्षणी सर्वांत त्रास देतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास फोटोत पट्टे येत नाहीत, पण उडत्या अक्षता मात्र पुसट होतात. शटर वाढवले की अक्षता स्थिर दिसतात आणि पट्टे उमटतात. यावर उपाय फ्लॅशचा, आणि तो छताकडे किंवा मागच्या भिंतीकडे वळवून. सभागृहात आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर जाऊन दिवे तपासावेत. डेकोरेटरने जांभळे दिवे लावले असतील तर मुहूर्तापुरते बंद करण्याची विनंती यजमानामार्फत करावी, थेट नव्हे.

रुखवताचे फोटो मात्र आवर्जून, नीट काढावेत. ते मांडण्यात मावशी-काकूंचे कित्येक दिवस गेलेले असतात आणि अल्बम आला की त्या ते पान प्रथम शोधतात.

कॅमेरा कोणता घ्यावा?

दोन मेमरी कार्डांची सोय असलेला कोणताही, आणि तसे दोन. एक बिघडला तर दुसरा हवा, आणि एक कार्ड खराब झाले तर त्याच वेळी लिहिलेले दुसरे हवे. २४-७० एफ २.८ आणि ७०-२०० एफ २.८ या दोन लेन्सवर बहुतेक लग्ने निभावतात. दुसरी सुरुवातीला भाड्याने आणावी. कर्ज काढून महागडा कॅमेरा घेण्यापेक्षा तेच पैसे दिव्यांवर आणि साहित्याच्या विम्यावर खर्च करावेत, असे आमचे मत आहे.

ठाण्याच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे ड्राय कॅबिनेट घ्यावे. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. चामड्याच्या पिशवीत महिनोन्महिने पडलेली लेन्स ऑक्टोबरात उघडून पाहण्याचे धाडस करू नये.

फोटो व व्हिडिओ सुरक्षित कसे ठेवावेत?

एका लग्नात तीन हजार रॉ (प्रक्रिया न केलेले मूळ) फोटो निघाले आणि एक फाइल सरासरी ३० एमबीची धरली, तर ९० जीबी होतात. फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने चित्रित केल्यास तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेऱ्यांनी पाच तास चालवले तर साडेचारशे. लग्नाच्याच रात्री, कितीही थकवा असला तरी, सारा डेटा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावा, त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी आणि दोन्हींवरील फाइली उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये. सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे सकाळीच एकसारखी लावावीत. ही सवय नसेल तर दोन फोटोग्राफरांचे सहा हजार फोटो क्रमाने लावण्यात आठवडा जातो.

प्री-वेडिंग शूटसाठी जवळपास कोठे जाता येते, आणि परवानग्या लागतात का?

तलावपाळी आणि उपवन येथे सकाळी साडेसहाच्या सुमारास कॅमेरा आणि जोडपे एवढेच घेऊन गेल्यास सहसा गर्दीचा त्रास होत नाही. दिवे, कपडे बदलण्याचा तंबू आणि मोठा चमू नेणार असाल तर महापालिकेकडे आधी विचारावे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तेथे वन विभागाचे नियम चालतात. वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि तेथे चित्रीकरणासाठी पूर्वपरवानगी लागते. रेल्वे स्थानकावर रेल्वेच्या परवानगीशिवाय शूट करू नये. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात प्रवेशबंदीचे आदेश निघतात आणि ते तेथे झालेल्या मृत्यूंमुळे निघतात. एका रीलसाठी तेथे जोडप्याला नेणे आम्हाला मान्य नाही. पाम बीच रस्त्यावर गाडी थांबवून फोटो काढण्याबद्दलही आमचे हेच म्हणणे आहे.

ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. पार्श्वभूमीला गुलाबी थवा हवा म्हणून टाळ्या वाजवून किंवा ड्रोन सोडून पक्षी उडवणाऱ्या चमूंमध्ये आपले नाव येऊ देऊ नये.

ड्रोन उडवण्याचे नियम काय आहेत?

ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ गणला जातो. मायक्रो ड्रोन पैसे घेऊन उडवायचा असेल तर चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. नॅनोसाठी ते लागत नाही. नॅनो वगळता इतर ड्रोनला त्रयस्थ पक्षाचा विमाही हवा. सरकारी ड्रोन नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, आणि चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत परवानगीविना उडवता येतो. त्याहून जवळ मात्र परवानगी लागते. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी उड्डाणे सुरू झाली. त्यामुळे उलवे, पनवेल, बेलापूर परिसरातील लॉनवर पूर्वी सर्रास उडणारे ड्रोन आता तसेच उडवता येतील असे गृहीत धरू नये. प्रत्येक लग्नापूर्वी नकाशा तपासावा. शिवाय पोलीस आयुक्तालये वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, तेही पाहावेत. ‘आणतोच’ असे यजमानाला कधीही सांगू नये. ‘परवानगी मिळाल्यास’ असे लिहावे.

लग्नाच्या व्हिडिओला चित्रपटातील गाणे लावता येते का?

लग्नसमारंभात गाणी वाजवण्याला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, परंतु तेच गाणे आपण बनवलेल्या चित्रफितीला जोडून यूट्यूबवर टाकणे ही वेगळी बाब आहे. तेथे व्हिडिओवर दावा येतो, आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच काढला जातो. परवाना घेतलेले संगीत वापरावे. त्याहून चांगले म्हणजे त्या घरातील आवाज वापरावेत: मंगलाष्टके, आजीचा उखाणा, सनई, धवले. त्यासाठी गुरुजींजवळ एक साधा रेकॉर्डर ठेवला तरी पुरते.

वधू अल्पवयीन असल्याची शंका आली तर काय करावे?

ऑर्डर घेऊ नये. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात असा विवाह घडवून आणणारे आणि त्याला साहाय्य करणारे दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरतात. शंका असल्यास वयाचा दाखला मागावा आणि १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवावे.

मंगल कार्यालयाने स्वतःचाच फोटोग्राफर घेण्याची अट घातली तर?

काही ठिकाणी ही अट असते, काही ठिकाणी बाहेरच्या फोटोग्राफरसाठी वेगळे शुल्क. ते यजमानाने भरायचे की आपण, हे ऑर्डर घेतानाच विचारावे.

सोबतच्या माणसांशी व्यवहार कसा ठेवावा?

मानधन आधी ठरवावे आणि लग्नानंतर आठवड्याच्या आत द्यावे. यजमानाने आपले पैसे थकवले हे कारण त्यांना सांगू नये. त्यांच्या जेवणाची सोय करारातच लिहावी, आणि पहिल्या पंगतीनंतर लगेच दोघे-दोघे जेवून यावेत. घोडबंदर रोडवरील सभागृह असेल तर पोहोचण्याच्या वेळेत एक तास वाढवून सांगावे. कल्याण-डोंबिवलीहून नवी मुंबईला येणाऱ्या मदतनीसाने ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडणे बहुधा गाडीपेक्षा लवकर पोहोचवते.

अल्बम किती दिवसांत द्यावा, आणि तक्रार आल्यास काय होते?

सर्वांत आधी, लग्नानंतर चार-पाच दिवसांत, अंतरपाटानंतरचा हार घातलेला एक स्वच्छ फोटो छापून द्यावा. विवाह नोंदणीच्या अर्जासोबत लग्नपत्रिका आणि लग्नाचा फोटो जोडावा लागतो, आणि परदेशी जाणाऱ्या जोडप्याला ते प्रमाणपत्र तातडीने हवे असते. पूर्ण अल्बमला लागणारा वेळ बहुतेक वेळा आपल्यामुळे नव्हे, तर घरच्यांनी फोटो न निवडल्यामुळे वाढतो. म्हणून निवडीसाठी ठरावीक मुदत द्यावी, तिच्यानंतर आपण निवड करू असे लिहावे, आणि आठवण लेखी करावी.

काम वेळेत किंवा ठरल्याप्रमाणे दिले नाही तर यजमानाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी साधारणपणे दोन वर्षांची मुदत आहे, आणि तक्रार तो राहतो तेथील आयोगाकडेही करता येते. म्हणजे आपला स्टुडिओ ठाण्यात आणि यजमान पुण्यात असला तर आपल्याला पुण्याला जावे लागेल. यासाठी मूळ फाइली, करारपत्र आणि व्हॉट्सअॅपवरील संभाषण किमान दोन वर्षे जपावे. त्यापुढे डेटा ठेवणार नसाल तर करारात तसे नमूद करावे, पुसण्याच्या महिनाभर आधी कळवावे आणि हार्ड डिस्क सुपूर्द करताना त्यावरील फाइली यजमानासमोर उघडून दाखवून पोचपावतीवर सही घ्यावी.